मोरीवाले साब

हैदराबादेच्या सुलतान बाजारातून जाताना माणसं खाली बघून चालतात. खाली बघण्यासारखं पुष्कळ असतं. साड्यांचे ढीग, जुनी पुस्तकं, खोटे दागिने आणि आपल्या पायावर पडू पाहणारे दुसऱ्यांचे पाय. मी मात्र वर बघत चालतो आणि आठवड्यातून एकदा तरी बोलणी खातो. "ओ चाचा, देख के चलो ना." ही सवय मला भालकीकर सरांनी लावली. सर गेल्या उन्हाळ्यात गेले, सवय राहिली. वरच्या मजल्यावर दोरी आहे का, दोरीवर कपडे आहेत का, कपड्यांत एखादं झबलं दिसतं का, हे ते बघायचे आणि इमारत जिवंत की मेलेली ते ठरवायचे. "दुकानावरून काही कळत नाही," म्हणायचे. "मेलेल्या इमारतीतसुद्धा दुकान जोरात चालतं."

आमची ओळख समितीतली. शहराच्या जुन्या भागात कुणाला खाली दुकानं आणि वर घरं अशी नवी इमारत बांधायची असली, की तिचा नकाशा या समितीपुढे येतो. समिती मत देते. मत मानायचं की नाही, ते दुसरेच कुणी ठरवतात. अशा समितीवर यायला माणसांची कधी वाण पडत नाही. एक निवृत्त बडे अधिकारी अध्यक्ष, दोन-तीन जाणकार आणि इतिवृत्त लिहायला मी. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी आहे. काय लिहायचं नाही, हे आम्हाला बाळकडूबरोबर मिळालेलं असतं.

सर आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. मूळ गाव भालकी, पण दोन पिढ्यांपासून हैदराबादेतच. उंच, थोडे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पोलादी टेप. घड्याळ विसरतील, टेप नाही. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. "काय सेक्रेटरी, आज कुणाचा महाल आलाय?" असं म्हणत खोलीत यायचे आणि चहाबरोबर आलेल्या बिस्किटांतली दोनच उचलायचे. अध्यक्षांचं प्रास्ताविक सुरू झालं की ते बिस्किट चहात बुडवायचे. प्रास्ताविकात 'वारसा' हा शब्द किती वेळा येतो, त्यावर बिस्किट किती वेळ तग धरतं याची ते परीक्षा घेत असावेत. बहुतेक वेळा बिस्किट हरायचं.

नकाशे पडद्यावर दाखवायची पद्धत आली तेव्हापासून समितीच्या बैठका सिनेमासारख्या झाल्या. एकदा एका कंपनीनं याच बाजारातल्या एका गल्लीचं भविष्य दाखवलं. स्वच्छ फरशी, दोन्ही बाजूंना झाडं, एक गोरी बाई केसाळ कुत्र्याला फिरवते आहे आणि तिच्यामागे एक मुलगी लाल फुगा धरून चालली आहे. विजेच्या तारा नाहीत, हातगाड्या नाहीत, एकही ऑटो नाही. अध्यक्ष म्हणाले, "वा! अगदी युरोप."

सर पुढे वाकून बघत होते. त्यांनी आर्किटेक्टला विचारलं, "बेटा, ये कुत्ता किसका है?"

"सर, वो तो... ऐसेच डाले."

"और ये बाई?"

"वो भी, सर."

"इने किधर रहती? ऊपर के फ्लॅट में?"

तो मुलगा हसला. सर हसले नाहीत. "गुब्बारा निकाल दो मियाँ. इस गल्ली में गुब्बारा उड़ता नहीं, तारां में अटकता. और ये बाई को भी वापस भेज दो, उनके घरवाले ढूँढ रहे होंगे."

इतिवृत्तात मी लिहिलं, 'सादरीकरण अधिक वास्तवदर्शी असावे अशी सूचना आली.'

पण सरांचं नाव झालं ते फुग्यामुळे नाही, मोरीमुळे. कुठलाही नकाशा समोर आला की ते दर्शनी भागाकडे बघायचेच नाहीत. सगळे पानं उलटत कमानी आणि जाळ्या बघत असताना सर वरच्या मजल्याचं पान काढायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "मोरी कुठंय?" मोरी सापडली की तिथून निघालेला सांडपाण्याचा नळ बोट लावून खालपर्यंत न्यायचे, मजल्यामागून मजला. मध्ये कुठं नळ तुटला, की नकाशा परत. त्यांचं म्हणणं साधं होतं. कागदावर 'निवासी' लिहायला काही लागत नाही. पण जिथं भांडी घासायची सोय नाही तिथं माणूस राहत नाही. तिथं चार महिन्यांत कापडाचे गठ्ठे येऊन राहतात. गठ्ठ्यांना मोरी लागत नाही.

हैदराबादेत मोरी म्हटलं की लोकांना रस्त्याकडेचं गटार आठवतं. त्यामुळे बिल्डरांच्या माणसांत त्यांचं नाव 'मोरीवाले साब' पडलं आणि त्यात आदर फारसा नव्हता. सरांना ते ठाऊक होतं. "ठीक आहे," म्हणाले. "वारसेवाले साब म्हणण्यापेक्षा बरं."

श्रीनिवास नावाचा एक तरुण आर्किटेक्ट पहिल्यांदाच समितीपुढे आला होता. त्याच्या नकाशात आठ घरं आणि धुण्याभांड्याची सोय मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून एक. सरांनी विचारलं, "तुमच्या घरी भांडी कोण घासतं?"

"कामवाली, सर."

"किधर घासती?"

सत्तावीस वर्षं ज्या घरात राहिला, त्या घरातली ती जागा त्याला आठवेना. सर म्हणाले, "घर जाओ, अम्मा से पूछो, फिर आओ." अध्यक्षांना हे अजिबात आवडलं नाही. पण पुढच्या बैठकीला श्रीनिवास आठही घरांत मोऱ्या घालून आला. सरांनी विचारलं, "अम्मा क्या बोले?"

"हँस दिए, सर. फिर बोले, इत्ते पैसे भर के यही नहीं सिखाए क्या?"

त्या दिवशी सरांनी तिसरं बिस्किट घेतलं.

मोरीचं हे वेड त्यांना पहिल्यापासून नव्हतं. ते कुठून आलं हे समितीत फक्त मला माहीत होतं, कारण त्याची नोंद माझ्याच हातची आहे.

समितीच्या सुरुवातीच्या दिवसांत सुलतान बाजारातल्याच एका तीन मजली जुन्या इमारतीचा प्रस्ताव आला होता. पाडून नवी बांधायची, खाली दुकानं, वर भाडेकरूंना घरं. त्या भाडेकरूंत सरांची मावसबहीण होती, शकूअक्का. नवरा लवकर गेलेला, मुलगा मोठा होईपर्यंत तिनं साड्यांना फॉल लावून घर चालवलं. खालचे दुकानदार "अक्का, अर्जंट है" म्हणून हाक मारायचे, ती गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची आणि साडी वर यायची. तासाभरात फॉल लावून साडी खाली. गिऱ्हाईक तोवर दुकानात बसलेलं असायचं. अर्ध्या बाजाराचा फॉल तिच्या हातचा होता.

नकाशा आला तेव्हा सरांनी उभं राहून सांगितलं, "या इमारतीत माझी बहीण भाडेकरू आहे. त्यामुळे निवासी मजल्यांच्या दोन पानांवर मी मत देणार नाही. ती पानं मी बघणारही नाही. मी फक्त दर्शनी भागावर बोलेन." आणि त्यांनी खरोखरच ती दोन पानं उलटी करून टेबलावर ठेवली. मला ते फार थोर वाटलं. मी इतिवृत्तात त्याच्या दोन ओळी लिहिल्या, अगदी घोटून.

मग तीन बैठका ते दर्शनी भागावर बोलले. खिडक्यांची उंची शेजारच्या इमारतीशी जुळते का, छताखालची नक्षी कुठल्या रेषेत यावी, गॅलरीचे लाकडी टेकू कसे असावेत. बिल्डरनं सगळं मान्य केलं. इतकं पटापट मान्य केलं, की सरांना संशय यायला हवा होता. पण स्वतःचं ऐकलं जातंय म्हणून संशय घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. दरम्यान अक्कानं त्यांना घरी बोलावून विचारलं होतं, "मधू, मी परत येईन ना रे?" ते म्हणाले होते, "येशील अक्का. नकाशात आहे ना."

इमारत सुरेख झाली. आजही पर्यटक तिचे फोटो काढतात. वरच्या दोन्ही मजल्यांवर एकाही घरात मोरी नव्हती, स्वयंपाकघराला नळ नव्हता. निवासी म्हणून लिहिलेल्या त्या खोल्या पहिल्यापासूनच गोदामं म्हणून काढलेल्या होत्या. बाकीच्या सदस्यांनी पानं बघितली होती, पण मोरी शोधायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्यानं ती पानं प्रामाणिकपणे उलटी ठेवली होती.

शकूअक्का दिलसुखनगरला मुलाकडे गेली. कोचिंग क्लासेस आणि पोरांची हॉस्टेलं यांच्या मधली एक गल्ली, चौथा मजला. तिथं खाली साडीचं दुकान नव्हतं, टोपली सोडायला गॅलरी नव्हती. सर एकदा मला बरोबर घेऊन गेले होते. अक्कानं आम्हाला पोहे दिले, मुलाच्या नोकरीचं सांगितलं. इमारतीबद्दल एक शब्द काढला नाही. निघताना सरांना म्हणाली, "मधू, नवीन बिल्डिंग छान झालीय म्हणतात."

"हो अक्का."

"तू केलीस ना ती?"

जिना उतरताना सर मध्येच थांबले, कठडा धरून. मी म्हटलं, "दम लागला का?" ते म्हणाले, "ती टोमणा मारत नव्हती हो. तिला अभिमान वाटतोय."

त्यानंतर मोरी सुरू झाली. दहा-बारा वर्षं. सरांनी अडवलेल्या काही इमारतींमध्ये आज खरोखरच दोऱ्यांवर कपडे आहेत. काहींमध्ये मोरी बांधून, फोटो काढून, नंतर तिच्यावर फरशी बसवलेली आहे. हेही त्यांना कळायचं. "आपण फक्त कागद बघतो, सेक्रेटरी," म्हणायचे. "कागद सज्जन असतो."

मग तोच बिल्डर दुसरी इमारत घेऊन आला. मागच्याच बाजूची गल्ली. खाली चार दुकानं, वर चार कुटुंबं, तीही वर्षानुवर्षं तिथंच. नकाशा पडद्यावर आला आणि वरच्या मजल्यावर प्रत्येक घरात निळ्या रंगानं भरलेली मोरी. नुसती मोरी नाही, दोन-दोन. बिल्डर पान-मसाल्यानं लाल झालेलं हसू हसत म्हणाला, "साब, इस बार गिन लो. एक भी कम नहीं."

सगळे हसले. सरांनी बोट लावून नळ खालपर्यंत नेला. कुठंही तुटलेला नव्हता. मग चष्मा नाकावर आणून ते म्हणाले, "घरं मोठी झाली. सहाशेच्या जागी आता बाराशे फूट. यात राहणार कोण?"

"जो लेंगे, वो रहेंगे."

"आत्ता जे राहतात ते?"

बिल्डरनं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "भालकीकर साब, आपण डिझाइनवर बोलू या. भाडेकरू हा आपला विषय नाही."

"नकाशावर 'निवासी' लिहिलंय साहेब. निवासी कोण, हे विचारणं डिझाइन नाही का? मोरी आली, भांडी कुणाची?"

त्या दिवशी ते पंधरा मिनिटं बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मागच्या इमारतीचं सगळं सांगितलं, बहिणीचं नाव घेऊन, स्वतःची चूक धरून. शेवटी म्हणाले, "या चार कुटुंबांची नावं मंजुरीच्या अटीत घाला. आधी त्यांना घराची किल्ली, मग दुकानांना परवानगी. नाहीतर माझा विरोध लिहून घ्या." चहा देणारासुद्धा दाराशी थांबला होता.

मंजुरी झाली. अट अशी आली, की 'विद्यमान रहिवाशांना यथाशक्य सामावून घ्यावे.' यथाशक्य हा शब्द ज्यानं शोधला त्याला सरकारी नोकरीत सात पिढ्या पेन्शन मिळाली पाहिजे.

मी इतिवृत्ताचा मसुदा केला. सरांचं म्हणणं पाऊण पान झालं होतं. अध्यक्षांनी ते वाचलं, पेन्सिलनं एक तिरपी रेघ मारली आणि प्रेमानं म्हणाले, "इतकं कशाला? थोडक्यात आणा." मी थोडक्यात आणलं. 'सदस्यांनी विविध सूचना केल्या. सूचनांची नोंद घेण्यात आली.'

आठ दिवसांनी सर कार्यालयात आले. इतिवृत्त मागून घेतलं, माझ्या टेबलासमोर बसून वाचलं, पान उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"सेक्रेटरी, मागल्या वेळी मी गप्प बसलो होतो, ते तुम्ही दोन ओळींत लिहिलं होतं. छान लिहिलं होतं. या वेळी मी बोललो. ते कुठंय?"

"सर, चेअरमनसाहेबांनी मसुदा..."

"हौ." मग त्यांनी विचारलं, "तुमची रिटायरमेंट कधी?"

"दोन वर्षं आहेत, सर."

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी कागद नीट जुळवून मला परत दिले. त्या आवाजात उपरोध असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांची मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली नाही. निरोपाला शाल आणि काचेचा चारमिनार दिला. अध्यक्षांनी त्यांना 'शहराच्या वारशाचे प्रहरी' म्हटलं. सरांनी शाल तिथंच चहावाल्याच्या खांद्यावर घातली. काचेचा चारमिनार कुणालाच द्यावासा वाटला नसावा. तो ते पिशवीत घालून घेऊन गेले.

दोन-अडीच महिन्यांनी त्यांचा फोन आला. "रविवारी मोकळे आहात का? टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय."

ती चार कुटुंबं जागा सोडत होती. एकानं आधीच हाय खाऊन सामान हलवलं होतं, बाकीच्यांचं बांधणं चाललं होतं. सर प्रत्येक घर मोजत होते. मी टोक धरायचो, ते आकडा वाचून पॅडवर लिहायचे. भिंत, खिडकी, मोरी, देवाचा कोनाडा, पाळण्याचा हूक. मग तिथंच जमिनीवर बसून त्या घराचा नकाशा काढायचे आणि वरती मोठ्या अक्षरात राहणाऱ्यांची नावं, किती माणसं, कधीपासून.

लक्ष्मम्मा नावाच्या बाई पितळी भांडी पोत्यात भरता भरता हे बघत होत्या. इस्त्रीचं दुकान चालवायच्या, घर वर, दुकान खाली. "साब, टूटने वाले घर का नक्शा कायकू?"

"अम्मा, कल कोई बोले तुम इधर रहतेच नहीं थे, तो ये दिखाना."

"दिखाए तो मानते?"

सरांनी पेन्सिल थांबवली. "मानते नहीं, अम्मा. थोड़ा शरमाते."

"शरमाने वाले होते तो हम सामान कायकू बांधते, साब?" असं म्हणून त्यांनी पोत्याचं तोंड दोरीनं आवळलं. तरी कागद मात्र दोन्ही हातांनी घेतला, पदराला हात पुसून.

त्या जागी आता इमारत उभी आहे. मोऱ्या सगळ्या आहेत, मी जाऊन बघितल्यात. लक्ष्मम्मा तिथं नाहीत. त्या चारांपैकी कुणीच नाही.

पण ते नंतरचं. त्या रविवारी, तिसऱ्या घरात, मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात सरांनी दोन ओळी आखल्या होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'मोजणार : मधुकर भालकीकर', आणि सही. दुसरीवर नुसतंच, 'टेप धरणार :' आणि पुढे कोरी जागा. सरांनी कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पेन उघडून त्याच्यावर ठेवलं आणि पलीकडच्या खोलीत गेले. तिथं बराच वेळ कुणाशीतरी बोलत राहिले, कुणी नसतानाही.

मी पेनाकडे बघितलं. रिटायरमेंटपर्यंतच्या दोन वर्षांतले आठच महिने गेले होते. खाली कुठंतरी टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

सर परत आले. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि टेपचं टोक माझ्यापुढे धरलं.

"चला. जिना राहिलाय," ते म्हणाले. "आणि जरा ताणून धरा. ढील दिली, की जागा आहे त्याहून मोठी भरते."